एक डोकं, तीस पडदे

सर्व्हरची एक सवय मला फार आवडते. कोण आलं, किती वाजता आलं, कुठल्या पेटीवर बसलं, कितीदा चुकलं, सगळं तो मुकाट्यानं लिहून ठेवतो. माणसांचं तसं नसतं. आमच्या कामातले किस्से कोणी लिहून ठेवले नाहीत, ते गाडीत साठत गेले. चंद्रपूरहून निघालं की पहिल्या तासात कामाचं बोलणं संपतं. मग दोन्ही बाजूंनी सागाची झाडं सुरू होतात, रशीदभाई काच खाली करतात, आणि एखाद्या नाल्याच्या पुलावर आमच्यातलं कोणीतरी म्हणतं, "ते आठवते का?" पुढचे तीन तास कसे जातात ते कळत नाही.

रशीदभाई माझे सहकारी. उभं आयुष्य रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेलं, आता शाळाशाळांत नेटवर्कच्या वायरी ओढतात. मी प्रतिभा, आरमोरीची, पॉलिटेक्निक झालेली. शाळांमध्ये आणि लहानमोठ्या ऑफिसांमध्ये लिनक्सच्या लॅब बसवायच्या आणि त्या सुरक्षित ठेवायच्या, हे आमचं काम. लॅब म्हणजे खोलीत तीस पडदे, तीस कीबोर्ड, आणि प्रत्येक पडद्यामागे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. पेटीत स्वतःचं काही नसतं. सुरू झाली की ती कोपऱ्यातल्या सर्व्हरला विचारते आणि सगळं तिथून मागून आणते. पोरांची चित्रं, निबंध, गणितं, सगळं त्या एका सर्व्हरमध्ये. डोकं एक आणि पडदे तीस. त्यामुळे डोक्याला कोणी हात लावला की तो तिसांनाही लागतो. म्हणून मी जाते तिथे आधी नियम सांगते. आमचे बहुतेक किस्से त्या नियमांपासूनच सुरू होतात.

०

एटापल्लीच्या पलीकडे एक आश्रमशाळा आहे. तिथे देवाजीभाऊ शिपाई आहेत. सर्व्हरच्या खोलीची किल्ली मी त्यांच्याकडे दिली आणि सांगितलं, कोणीही येवो, कसलंही पत्र आणो, आधी मला फोन करायचा आणि मगच खोली उघडायची. त्यांनी किल्ली करगोट्याला बांधली. अडचण एवढीच, की शाळेत मोबाइलची रेंज नाही. रेंज येते ती दोन किलोमीटरवरच्या टेकडीवर, एका मोहाच्या झाडाखाली.

एक दिवस दुपारी एक गाडी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात शिक्क्याचं पत्र असा एक माणूस उतरला. म्हणाला, हेड ऑफिसनं पाठवलंय, सर्व्हर अपडेटसाठी न्यायचा आहे. मुख्याध्यापक बैठकीला गेलेले. प्रभारी सरांनी पत्र वाचलं आणि देवाजीभाऊंना किल्ली द्यायला सांगितलं. देवाजीभाऊ म्हणाले, फोन करावा लागेल. सर चिडले. मेमो देईन म्हणाले. देवाजीभाऊंची नोकरी संपायला दोनच वर्षं राहिलेली, पेन्शनची काळजी त्यांनाही होती. त्यांनी पाहुण्याला चहा करून दिला, फाटकाला कुलूप घातलं आणि टेकडीकडे चालू लागले.

मी फोनवर सांगितलं, आम्ही कोणालाच पाठवलेलं नाही. ते परत आले तेव्हा चहाचा कप तिथेच होता, गाडी तिथेच होती, माणूस मात्र कुंपणावरून उडी मारून गेलेला. ड्रायव्हर गाडीत गाढ झोपला होता, त्याला बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. देवाजीभाऊंनी त्याला उठवून चहा दिला. पुढे कळलं, त्याच पत्रावर शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेतून सर्व्हर गेला होता आणि पोरांचं दोन वर्षांचं काम त्याबरोबर गेलं होतं.

मी देवाजीभाऊंना विचारलं, तुम्हाला त्याचा संशय कशावरून आला? ते म्हणाले, "शक नाई आला, मॅडम. चांगला मानूस दिसला. तुमी सांगतलं होतं फोन कराचा, म्हून केला."

दोनेक महिन्यांनी मी स्वतः त्या शाळेत गेले. रशीदभाई त्या दिवशी चंद्रपूरलाच होते. मी देवाजीभाऊंना म्हटलं, खोली उघडा. ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी मॅडमच आहा, हे मले दिसून राह्यलं. पन फोन तर कराच लागते." आणि गेले. उन्हाचे दिवस, सगळीकडे मोहाचा वास पसरलेला. मी ओसरीवर बसून राहिले, बसल्या बसल्या डुलकीही लागली. दीड तासानं देवाजीभाऊ घाम पुसत परत आले.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमचा फोन लागत नाई."

०

त्याच शाळेतली गोष्ट आहे. पासवर्ड किती पक्के आहेत हे तपासायचं होतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि शनिवार-रविवार सर्व्हरवर एक प्रोग्राम चालू ठेवला. तो इंग्रजी, हिंदी, मराठी शब्द, नावं, गावं, जन्मतारखा एकापुढे एक लावून पासवर्ड ओळखत बसतो. सोमवारी सकाळी पाहिलं तर जवळजवळ सगळे पडले होते. मुख्याध्यापकांचा शाळेच्या नावावर पडला. माझा एक जुना होता, तोही गेला. रशीदभाईंचा तर पहिल्याच तासात. तो काय होता हे मी सांगणार नाही. त्यांच्या घरी आता त्या नावाला ओ देणारं कोणी नाही, एवढंच. मी त्यांना बदला म्हटलं. त्यांनी बदलला नाही, त्याच्यापुढे आणखी तीन शब्द जोडले. ते शब्द कोणते, हे मीही विचारलं नाही.

चार पासवर्ड मात्र उभे होते. चारही सातवीतल्या मुलींचे. एवढे लांब, की प्रोग्राम दोन दिवस डोकं आपटून थकला होता.

मी त्यांतल्या मैनीला जवळ बसवलं. पासवर्ड सांगू नको, पण तो कसला आहे तेवढं सांग, असं म्हटलं. तिनं बाकीच्या तिघींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच परवानगी दिली असावी. ती म्हणाली, माझी आजी एक गोष्ट सांगते, तिची पहिली ओळ आहे. गोष्ट माडिया बोलीतली. जमेल तशा इंग्रजी अक्षरांत त्यांनी ती बसवली होती. आमच्या प्रोग्रामच्या पोतडीत तिकडची बोली नव्हतीच. सापडणार कुठून?

तेव्हापासून मी लॅब सुरू होताना त्यांच्याकडे पाहत राहते. बाकीची पोरं टकटक करून मोकळी होतात. या चौघी ओठ हलवत, एकेक अक्षर शोधत, आजीची ओळ लिहीत असतात. त्यांचे पडदे सगळ्यांत शेवटी उजळतात.

एकदा न राहवून मी मैनीला म्हटलं, मला ती गोष्ट ऐकायची आहे.

"गोष्ट सांगतो, मॅडम. पहिली ओळ नाई सांगत."

आणि तिनं सांगितली. पहाडाची, पाण्याची आणि एका हरवलेल्या बहिणीची गोष्ट आहे. मला ती सगळी पाठ आहे, फक्त सुरू कशी होते ते माहीत नाही.

०

गडचांदूरला एका ट्रक वाहतुकीच्या ऑफिसात आमची दहा पडद्यांची लॅब आहे. एके सकाळी तिथून फोन आला, एकही पडदा सुरू होत नाही आणि बाहेर ट्रकांची रांग लागली आहे. आम्ही पोचलो तर ड्रायव्हर लोक पांढऱ्या धुळीत गाड्यांच्या सावलीला बसलेले.

मी सर्व्हर तपासला, ठणठणीत. रशीदभाईंची रीत वेगळी. ते डोळे अर्धे मिटून वायरीवरून बोटं फिरवत चालत जातात, आंधळ्यानं भिंत धरून जावं तसे. चालत चालत ते खुशालभाऊंच्या टेबलापाशी थांबले. हे तिथले सगळ्यांत जुने बाबू. टेबलाखाली टॉवेलनं झाकलेला, घरी वापरतात तसा एक वायफायचा डबा निघाला.

झालं असं होतं, की खुशालभाऊंची मुलगी नर्स म्हणून दूर शहरात गेलेली. दुपारच्या सुट्टीत तिचा चेहरा पाहता यावा म्हणून त्यांनी घरचा डबा आणून ऑफिसच्या वायरीला जोडला. आता पेटी सुरू होताना विचारते, मी कोण, मी कुठे जाऊ? उत्तर सर्व्हरनं द्यायचं असतं. इथे डबाही उत्तर देऊ लागला, आणि सर्व्हरच्या आधी. पेट्या बिचाऱ्या त्याच्या मागे गेल्या आणि तिथे काहीच नाही म्हणून काळ्या पडद्यानं उभ्या राहिल्या.

खुशालभाऊ पार खचले. म्हणाले, "मी तं फक्त वायर लावली." रशीदभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, एक गाव में दो सरपंच हो गये, और कुछ नहीं."

डबा काढला, पडदे उजळले, ट्रक हलले. मालक रागावले होते. मी त्यांना समजावलं आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळी अशी पाहुण्यांची एक लाइन बांधून दिली. आता कोणी काही जोडलं तरी ते आतल्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. त्या लाइनवर पहिला फोन खुशालभाऊंनी मुलीला लावला. आम्हाला वाटलं, मुलगी खूश होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, ऑफिसच्या वायरीले हात लावू नका म्हून मी जातानाच सांगतलं होतं ना?"

०

आरमोरीकडच्या एका शाळेत नागोसे गुरुजी आहेत. आमची लॅब त्यांनी लेकरासारखी सांभाळली. पण एकदा ते माझ्यावर रुसले. पोरांच्या पेट्यांवर पेनड्राइव्ह चालत नाही. तो रस्ता मीच बंद करून ठेवला आहे, कारण गावोगाव फिरून आलेल्या पेनड्राइव्हमधून काय काय येतं त्याचा नेम नसतो. गुरुजींनी मुलीच्या लग्नाचे फोटो आणले होते, आणि पडद्यावर आलं, परवानगी नाही.

"माया पोरीच्या लग्नात व्हायरस हाये का?" त्यांनी मला विचारलं. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

मी समजवायला लागले. तेवढ्यात रशीदभाईंनी मला थांबवलं आणि गुरुजींना म्हणाले, तपासून घेऊ. नेटवर्कला न जोडलेला एक जुना लॅपटॉप त्यांनी काढला आणि पेनड्राइव्ह लावला. तपासणारा प्रोग्राम दोन मिनिटांत म्हणाला, सगळं ठीक. रशीदभाईंनी ते गुरुजींना सांगितलंच नाही. ते म्हणाले, सुरक्षेचं काम आहे, एकेक फाइल डोळ्यांनी पाहावी लागेल. मग दोघं जण वडाखालच्या बाकावर बसले. हळद, मांडव, पंचशील, जेवणाच्या पंगती, गाडीत बसताना मुलीनं मागे वळून पाहिलेलं. प्रत्येक फोटोवर रशीदभाई थांबायचे आणि विचारायचे, हे कोण? गुरुजी सांगायचे. माझं सगळं काम आटोपलं, पाखरं झाडावर परतायला लागली, तरी ते तिथेच होते.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, सापडला का व्हायरस?

"सापडला ना," रशीदभाई म्हणाले. "बाप के आंख में. बहुत पुराना है, उसका इलाज नहीं."

०

हत्ती आले त्या दिवशी मी त्याच शाळेत होते. धान कापणीला आलेलं. दुपारी चारच्या सुमारास गावातून निरोप आला, कळप नाल्याच्या अलीकडे आहे, पोरांना बाहेर सोडू नका. शाळेचे बाकीचे वर्ग पत्र्याचे आहेत, स्लॅबची पक्की खोली एकच, आमची लॅब. गुरुजींनी सगळी शाळा आत घेतली. तीस खुर्च्यांवर साठ पोरं, बाकीची जमिनीवर. दार लावलं. थोड्या वेळानं वीजही गेली. कळप तारांखालून जाणार असला की विजेवाले लाइन बंद करतात, हत्तीला धक्का लागू नये म्हणून. सर्व्हरची बॅटरी किती टिकणार? मी सर्व्हर रीतसर बंद केला. त्याच्या पंख्याची गुणगुण थांबली आणि खोली एकदम खोल विहिरीसारखी शांत झाली.

लहान पोरं घाबरली होती. एकीनं रडायला सुरुवात केली. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, आपापल्या पडद्याकडे पाहा, कीबोर्डवर हात ठेवा, आणि आज जे लिहायचं आहे ते लिहा. आवाज नाही करायचा.

आणि पोरं लिहू लागली. बंद पडद्यांवर. खिडकीच्या फटीतून येणारा पिवळा उजेड काळ्या काचांवर पडला होता आणि प्रत्येक काचेत दोन-दोन चेहरे दिसत होते. कीबोर्डचा तो बारीक आवाज, पानांवर पडणाऱ्या दवासारखा. मग बाहेरून दुसरा आवाज आला. आधी बांबू मोडल्याचा. मग चिखलातून मोठं काहीतरी सावकाश चालल्याचा. एक, दोन, मग मी मोजणं सोडलं. गुरुजी खिडकीपाशी उभे होते. शाळेला लागून जे शेत आहे ते त्यांचंच. कळप त्यातूनच चालला होता. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. ती पाठ जराही हलली नाही.

अर्ध्या तासानं सगळं शांत झालं. वन खात्याची माणसं येऊन दार उघडायला हरकत नाही म्हणाली. पोरं उठली. मघा रडणारी पोरगी जागची हलली नाही. तिनं गुरुजींचा सदरा ओढला.

"गुरुजी, मी लिहिलं ते सेव्ह झालं काय?"

गुरुजींनी आडव्या झालेल्या शेतावरून नजर काढली, तिच्याकडे वळवली आणि म्हणाले, "हो, झालं."

मी या धंद्यात इतकी वर्षं आहे. मीही मान डोलावली.

०

सिरोंचाच्या रस्त्यावर मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथे इंटरनेटची लाइन बरी आहे, त्यामुळे तिथल्या सर्व्हरची नोंदवही मला चंद्रपुरात बसून वाचता येते. माझा तिथला एक नियम असा, की साठ दिवस कोणी आपल्या नावानं आत आलं नाही तर ते नाव आपोआप पुसलं जातं आणि त्याबरोबर त्या मुलीचं सगळं कामही. वापरात नसलेलं नाव म्हणजे उघडं राहिलेलं दार.

नोंदवहीत मला सुमित्रा नावाची मुलगी दिसायची. रोज दुपारी, सतरा नंबरच्या पेटीवर, जेमतेम पाच मिनिटं. आत यायची, काही न करता बाहेर जायची. मला ते खटकलं. शाळेच्या मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, सुमित्रा तर दिवाळीपासून शाळेतच नाही. घरच्यांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेली, परत येईल असं वाटत नाही.

म्हणजे तिच्या नावानं दुसरंच कोणी आत येत होतं. आम्ही गेलो. दुपारी मी लॅबच्या दाराआड उभी राहिले. आठवीतली जया आली, सतरा नंबरवर बसली, न पाहता पासवर्ड टाकला. पडद्यावर एक चित्र उघडलं. नदी, दोन पोरी, आणि अर्धवट रंगवलेली होडी. जया हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत बसली. पाच मिनिटांनी उठली तेव्हा मी समोर होते.

पासवर्ड कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाली, सुमित्रानंच जाताना दिला. मी तिला सांगितलं, दुसऱ्याच्या नावानं आत येणं ही चोरीच असते, मग मन कितीही चांगलं असो. आज तू, उद्या आणखी कोणी. तिनं मान खाली घातली होती. मग म्हणाली, "मॅडम, साठ दिवस झाले का नाव पुसून जाते म्हने. ते वापस आली तं कुठी बसन?"

रशीदभाई उगाचच छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

मी जयाकडून कबूल करून घेतलं, यापुढे फक्त आपल्या नावानं यायचं. मग सर्व्हरवर गेले आणि सुमित्राच्या नावावरचा साठ दिवसांचा नियम काढला. कारण लिहायची जागा असते, तिथे लिहिलं, रजेवर. पासवर्डही बदलायला हवा होता. तो काही मी बदलला नाही.

जयानं शब्द पाळला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, सतरा नंबरवर सुमित्राचं नाव आलं नाही. जया शेजारच्या अठरा नंबरवर बसू लागली. मी रोज सकाळी नोंदवही उघडायची आणि आधी तेच पाहायची. रशीदभाई विचारायचे नाहीत, पण माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे.

मग उन्हाळी परीक्षेच्या आधी एका दुपारी मी सहज नोंदवही उघडली होती. लाइन चांगली होती, ओळी येतील तशा दिसत होत्या. अठरा नंबर, जया, आत आली. त्याच मिनिटाला खाली ओळ उमटली.

सतरा नंबर, सुमित्रा, पासवर्ड चुकला.

रशीदभाई चहाचे कप घेऊन येत होते, ते तिथेच थांबले.

सतरा नंबर, सुमित्रा, पासवर्ड चुकला.

जया तो पासवर्ड डोळे मिटूनही चुकली नसती. मी फोनकडे हात नेला आणि मागे घेतला.

सतरा नंबर, सुमित्रा, पासवर्ड चुकला.

पाचव्यांदा चुकलं की नावाला आपोआप कुलूप लागतं, हाही माझाच नियम. अठरा नंबरवरून जया बाहेर पडल्याची नोंद आली. मग थोडा वेळ काहीच आलं नाही.

चौथ्यांदा उघडलं.